अपडेटनंतर लिनक्सचा डेस्कटॉप उघडत नाही? पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी हे करून पाहा

अपडेट झालं, मशीन रिस्टार्ट केलं आणि लॉगिनच्या नेहमीच्या पडद्याऐवजी काळी स्क्रीन आली. किंवा डाव्या कोपऱ्यात नुसती लुकलुकणारी रेघ. किंवा पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी होऊन पुन्हा लॉगिनवरच. अशा वेळी पेन ड्राइव्ह शोधून सगळं नव्याने टाकायची घाई होते. ती करू नका. तुमच्या फाइली जागच्या जागी असतात आणि बहुतेक वेळा सिस्टमही जवळपास पूर्ण सुरू झालेली असते. अडलेलं असतं ते शेवटचं टोक.

डेस्कटॉप दिसेपर्यंतचं काम साखळीने चालतं. ग्रब (मशीन चालू होताच सिस्टम सुरू करून देणारा प्रोग्राम) कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा उचलतो, कर्नल ग्राफिक्सचा ड्रायव्हर लोड करतो, सिस्टमडी हा प्रोग्राम ठरलेल्या टार्गेटपर्यंतच्या, म्हणजे टप्प्यापर्यंतच्या, सगळ्या सर्व्हिस (पाठीमागे चालणारे प्रोग्राम) सुरू करतो, त्यातला डिस्प्ले मॅनेजर लॉगिन स्क्रीन दाखवतो आणि पासवर्ड जुळला की तुमचं सेशन सुरू करून देतो. अपडेटने सहसा यातली एकच कडी तुटते. कुठली ते कळलं तर दुरुस्ती दोन-तीन कमांडची असते. न शोधता इंटरनेटवरच्या दहा कमांड एकामागून एक मारल्या, तर एका कडीच्या जागी तीन तुटतात आणि मग मूळ बिघाड कोणता होता हेही सांगता येत नाही.

कमांडबद्दल एक सूचना: इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत आणि आकडे नेहमीच्या इंग्रजी अंकांत द्यायचे. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. 'सिस्टमसीटीएल' म्हणजे सिस्टम हा शब्द आणि त्याला जोडून सी, टी, एल, 'जर्नलसीटीएल'चंही तसंच.

आधी कन्सोल मिळवा

कन्सोल म्हणजे नुसत्या मजकुरावर चालणारी स्क्रीन. काळ्या स्क्रीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. नाही जमलं तर एफ४, एफ५. एफ१ आणि एफ२ वर बहुधा ग्राफिकल स्क्रीनच असते, म्हणून तिथून सुरुवात करू नका. काही लॅपटॉपवर सोबत एफएन ही कळही धरावी लागते. लॉगिन असं विचारणारी ओळ आली की युजरनेम आणि पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप होताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, त्यामुळे कीबोर्ड बंद पडला असं समजू नका.

कन्सोल मिळाला म्हणजे कर्नल ठीक आहे आणि तुमचं निम्मं काम झालं. नाही मिळाला तर मशीन रिस्टार्ट करून ग्रबचा मेन्यू उघडा: यूईएफआय (नव्या मशीनमध्ये बायोसच्या जागी असतं ते) असेल तर एस्केप थांबून थांबून दाबत राहा, जुन्या बायोसवर शिफ्ट दाबून धरा. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर मेन्यूऐवजी 'ग्रब>' असा प्रॉम्प्ट येतो. तिथे 'नॉर्मल' टाइप करून एंटर मारा आणि लगेच एकदाच एस्केप दाबा.

मेन्यूत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जुना कर्नल असतो (फेडोरात तो मुख्य यादीतच दिसतो). तो निवडून पाहा. डेस्कटॉप आला तर शोध तिथेच संपला: दोष नव्या कर्नलशी निगडित ड्रायव्हरचा आहे किंवा त्याची बूट फाइल अर्धवट बनली आहे. आजचं काम जुन्या कर्नलवर निवांत उरका आणि दुरुस्ती नंतर करा.

जुना कर्नलही चालला नाही तर मेन्यूतल्या नोंदीवर 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, तिच्यातले 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे शब्द काढा आणि ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ३ हा आकडा लिहा. मग कंट्रोल आणि एक्स, किंवा एफ१०. मशीन ग्राफिक्स सुरू न करता थेट कन्सोलवर येतं आणि वाटेतले सगळे संदेशही दिसतात. हा बदल फक्त त्या एका बूटपुरता असतो, त्यामुळे निर्धास्त राहा.

इथेच 'नोमोडसेट' लिहिण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तपासणीसाठी तो ठीक आहे. पण तो कायमचा ठेवला तर इंटेल आणि एएमडीचे कर्नलमधले ड्रायव्हर चालूच होत नाहीत, रिझोल्यूशन अडकून बसतं आणि व्हिडिओ पाहताना प्रोसेसर तापतो. त्याला इलाज म्हणता येत नाही.

कन्सोलवर सर्वांत आधी चार गोष्टी

डीएफ -एच
सिस्टमसीटीएल गेट-डिफॉल्ट
सिस्टमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर
सुडो जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर

पहिलीने डिस्कमधली जागा कळते, दुसरीने सिस्टम कुठल्या टार्गेटपर्यंत जाणार ते, तिसरीने लॉगिन स्क्रीन दाखवणाऱ्या सर्व्हिसची अवस्था, आणि चौथीने या बूटमधल्या फक्त चुका. लॉगमधून बाहेर पडायला क्यू दाबा. चौथीत लाल ओळी बऱ्याच दिसतील. ब्लूटूथ आणि एसीपीआयच्या तक्रारी धडधाकट मशीनवरही असतात. तुमच्या कामाच्या ओळी म्हणजे जीडीएम, एसडीडीएम, लाइटडीएम (हे तिन्ही डिस्प्ले मॅनेजर), एनव्हिडिया, डीआरएम (कर्नलमधला ग्राफिक्सचा भाग) किंवा 'नो स्पेस लेफ्ट' हे शब्द असलेल्या.

जागा आधी का पाहायची? रूट म्हणजे मुख्य पार्टिशन १०० टक्के भरलं असेल तर सेशनला स्वतःच्या छोट्या फाइलीही लिहिता येत नाहीत आणि ते सुरू होता होता कोसळतं. बाहेरून हे हुबेहूब ड्रायव्हरच्या बिघाडासारखं दिसतं. उबुंटू-डेबियनवर 'सुडो एपीटी क्लीन' मारा, मग 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=२००एम' (एम मोठ्या लिपीत) देऊन जुने लॉग कमी करा. तेवढ्याने बहुधा लॉगिन होण्यापुरती जागा सुटते.

'/बूट' वेगळं पार्टिशन असेल तर ते भरणं आणखी वाईट. नव्या कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल (सुरू होताना कर्नलला आधी लागणारी बूट फाइल) अर्धीच लिहिली जाते आणि कर्नल मध्येच अडकतो. 'युनेम -आर'ने सध्या चालू असलेला कर्नल कोणता ते बघून ठेवा, तो सोडून बाकीचे जुने 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज'ने काढा, आणि मग 'सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' चालवा. फेडोरात यासाठी 'सुडो ड्रॅकट -एफ --रीजनरेट-ऑल' आणि आर्चवर 'सुडो एमकेइनिटसीपीआयओ -पी' (पी मोठ्या लिपीत).

अपडेट अर्धवट राहिलं असेल तर

लॅपटॉप मध्येच बंद पडला, बॅटरी संपली, किंवा ग्राफिकल टर्मिनलमध्ये अपडेट चालू असताना डेस्कटॉपच कोसळला, की काही पॅकेज नवी आणि काही जुनी अशी खिचडी होते. उबुंटू-डेबियनवर या क्रमाने जा:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी फुल-अपग्रेड

शेवटच्या कमांडला 'वाय' म्हणण्याआधी काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी वाचा. तिच्यात जीडीएम३, उबुंटू-डेस्कटॉप किंवा ग्नोम-शेल दिसलं तर 'एन' म्हणा आणि बाहेरून जोडलेली एखादी रिपॉझिटरी (पॅकेजांचं ऑनलाइन भांडार) भांडण लावते आहे का ते पाहा. 'कुड नॉट गेट लॉक' असा संदेश आला तर पाठीमागे स्वयंचलित अपडेट चालू असतं. पाच-दहा मिनिटं थांबा. लॉकची फाइल हाताने उडवण्याचा सल्ला जागोजागी मिळतो, पण चालू अपडेटच्या पायाखालून लॉक काढलं की पॅकेजांची नोंदवहीच बिघडते.

फेडोरात 'सुडो डीएनएफ डिस्ट्रो-सिंक' हेच काम करते. आर्चवर पूर्ण अपडेटच करा, म्हणजे 'सुडो पॅकमॅन -एसवाययू', यातला एस मोठ्या लिपीत. नुसती यादी ताजी करून एखादंच पॅकेज टाकलं तर लायब्ररींच्या आवृत्त्या जुळत नाहीत, आणि डेस्कटॉप न येण्याचं तिथलं नेहमीचं कारण तेच असतं.

या सगळ्याला इंटरनेट लागतं. वाय-फायसाठी कन्सोलवर 'एनएमटीयूआय' टाइप करा. बाणाच्या कळांनी नेटवर्क निवडता येतं. वाय-फायचा ड्रायव्हरच गेला असेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग सुरू करा. लिनक्सला तो वायरच्या नेटवर्कसारखा दिसतो आणि बहुतेक वेळा वेगळं काही न करता चालतो.

डेस्कटॉपच काढला गेला आहे अशी शंका असेल तर '/व्हार/लॉग/एपीटी/हिस्टरी.लॉग' उघडा आणि शेवटच्या नोंदीतली 'रिमूव्ह' ही ओळ पाहा. तसं असेल तर 'सुडो एपीटी इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप', डेबियनवर 'टास्क-ग्नोम-डेस्कटॉप', कुबुंटूवर 'कुबुंटू-डेस्कटॉप'.

टार्गेट आणि डिस्प्ले मॅनेजर

गेट-डिफॉल्टचं उत्तर 'मल्टी-युजर.टार्गेट' आलं तर सिस्टमला ग्राफिक्सपर्यंत जायला कोणी सांगितलेलंच नाही. दुरुस्ती एका ओळीची:

सुडो सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट ग्राफिकल.टार्गेट

रिस्टार्ट न करता लगेच पाहायचं असेल तर 'सुडो सिस्टमसीटीएल आयसोलेट ग्राफिकल.टार्गेट'.

टार्गेट बरोबर असून डिस्प्ले मॅनेजर सापडत नाही असं स्टेटस सांगत असेल तर त्याची जोडणी तुटली आहे. दोन डेस्कटॉप शेजारी शेजारी टाकलेल्या मशीनवर हे हमखास होतं. फेडोरा आणि आर्चवर 'सुडो सिस्टमसीटीएल इनेबल --फोर्स जीडीएम'. केडीई डेस्कटॉप वापरत असाल तर जीडीएमच्या जागी एसडीडीएम. उबुंटू-डेबियनवर मात्र जीडीएम३ ला इनेबल करायला गेलात तर युनिटमध्ये इन्स्टॉलेशनची माहिती नाही असं लांबलचक उत्तर मिळतं. तिथला रस्ता वेगळा आहे:

सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर जीडीएम३

निवडीची चौकट आली की हवा तो मॅनेजर निवडा आणि रिस्टार्ट करा. एकच मॅनेजर असेल तर चौकट येत नाही, निवड आपोआप होते.

'स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली' असा संदेश असेल तर तो कारण सांगत नाही, परिणाम सांगतो: सर्व्हिस लागोपाठ इतक्यांदा पडली की सिस्टमडीने प्रयत्न सोडून दिले. 'सुडो जर्नलसीटीएल -बी -यू जीडीएम' (किंवा तुमच्या डिस्प्ले मॅनेजरचं नाव) मारून वरच्या ओळी वाचा. पहिल्यांदा ती का पडली तेच महत्त्वाचं. तरीही उलगडा झाला नाही तर लाइटडीएम टाकून बघा. त्याची लॉगिन स्क्रीन आली तर ड्रायव्हर निर्दोष आहे आणि खोट जीडीएममध्ये आहे. तीही आली नाही तर पुढचा भाग तुमच्यासाठी.

एनव्हिडिया: बहुतेक रडगाणं इथलंच

इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बाहेरचा, त्यामुळे त्याचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) प्रत्येक नव्या कर्नलसाठी वेगळं लागतं. अपडेटमध्ये कर्नल बदलला आणि मॉड्यूल बनलं नाही, की रिस्टार्टनंतर काळी स्क्रीन. आधी 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवा. नेहमीचा तक्ता दिसला तर ड्रायव्हर ठीक आहे. 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच' असं आलं तर लायब्ररी नवी झाली आहे आणि मेमरीत मॉड्यूल जुनंच आहे. एक साधं रिस्टार्ट पुरतं. ड्रायव्हरशी बोलताच येत नाही असं म्हणाला तर:

युनेम -आर
डीकेएमएस स्टेटस

डीकेएमएस म्हणजे प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बनवणारं साधन. चालू कर्नलचा आकडा त्याच्या यादीत 'इन्स्टॉल्ड' म्हणून दिसायला हवा. नसेल तर बहुधा हेडरची (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइलींची) पॅकेज आलेली नसतात:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-$(युनेम -आर)
सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल

बिल्ड फसलं तर कारण '/व्हार/लिब/डीकेएमएस/एनव्हिडिया' या फोल्डरमध्ये, आवृत्तीच्या आकड्याखाली, 'बिल्ड/मेक.लॉग' या फाइलीत असतं. कंपायलरच्या चुकांची रांग दिसली तर कर्नल ड्रायव्हरपेक्षा पुढे गेला आहे. त्याच्याशी झुंजण्यात वेळ घालवू नका, सुधारित ड्रायव्हर येईपर्यंत जुन्या कर्नलवर राहा. उबुंटूवर तयार मॉड्यूलही मिळतात, त्यामुळे तिथे डीकेएमएसची यादी रिकामी असली तरी घाबरायचं कारण नाही. 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' योग्य जोडी शोधून टाकतं.

फेडोरात आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या रिपॉझिटरीचा ड्रायव्हर असेल तर एकेमॉड्स हे मॉड्यूल अपडेटनंतर पाठीमागे बनवतं आणि त्याला काही मिनिटं लागतात. अपडेट संपलं म्हणून लगेच रिस्टार्ट केलं तर ते अर्ध्यावर राहतं. 'मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया' (एफ मोठ्या लिपीत) मारल्यावर आवृत्तीचा आकडा येईपर्यंत थांबायचं. चुकलंच तर कन्सोलवरून 'सुडो एकेमॉड्स --फोर्स'.

मॉड्यूल बनलंय पण लोड होत नाही, आणि 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया' दिल्यावर 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' येतं? मग सिक्युअर बूट (मान्य सही नसलेला कोड रोखणारी सोय) आडवं आलं आहे. 'मोकुटिल --एसबी-स्टेट'ने ते चालू असल्याची खात्री करा. उबुंटूवर 'सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की' चालवा, एक तात्पुरता पासवर्ड द्या आणि रिस्टार्ट करा. आता निळी स्क्रीन येते आणि ती जेमतेम दहा सेकंद थांबते. त्यात कुठलीही कळ दाबायची, 'एनरोल मोक', 'कंटिन्यू', 'येस' असं जायचं आणि तोच पासवर्ड द्यायचा. ती वेळ हुकली तर विनंती रद्द होते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. त्या स्क्रीनवर कीबोर्डची मांडणी अमेरिकन असते, म्हणून पासवर्डात साधी अक्षरंच ठेवा, चिन्हं नकोत.

जुनं कार्ड असेल तर आणखी एक खाच आहे. फर्मी पिढीसाठी ३९० ही शेवटची मालिका, केपलरसाठी ४७०, आणि मॅक्सवेल, पास्कल, व्होल्टासाठी ५८०. अपडेटने त्यापुढच्या मालिकेवर उडी मारली की मॉड्यूल बनतं, लोडही व्हायला जातं आणि कार्ड ओळखायला नकार देतं. 'सुडो डीमेसेज' (डी-एम-ई-एस-जी असं टाइप करायचं) पाहिलंत तर 'लेगसी ड्रायव्हर्स' हे शब्द असलेली ओळ सापडते आणि कुठली मालिका हवी तेही तिथेच लिहिलेलं असतं.

काहीच जमलं नाही तर एनव्हिडियाची पॅकेज काढून नूव्होवर, म्हणजे त्याच कार्डांसाठीच्या मुक्त ड्रायव्हरवर या:

सुडो एपीटी पर्ज '^एनव्हिडिया-.*'

काढल्यावर '/ईटीसी/मॉडप्रोब.डी' या फोल्डरमध्ये नूव्होला ब्लॅकलिस्ट करणारी फाइल उरली आहे का ते पाहा, नाहीतर दोन्ही ड्रायव्हर नाहीत अशी गत होते. '/ईटीसी/एक्स११/एक्सऑर्ग.कॉन्फ' (दोन्ही ठिकाणी एक्स लिहिताना फोल्डरच्या नावात मोठा, फाइलच्या नावात लहान) ही जुनी फाइल असेल तर तिचं नाव बदलून ठेवा. तिच्यात एनव्हिडियाचं नाव कोरलेलं असतं आणि 'नो स्क्रीन्स फाउंड' त्यामुळेच येतं.

इंटेल-एएमडीवर काळी स्क्रीन असेल तर डीमेसेजमध्ये 'फर्मवेअर' शब्द शोधा. फाइल सापडली नाही अशी ओळ असेल तर उबुंटू आणि आर्चवर 'लिनक्स-फर्मवेअर', फेडोरात 'एएमडी-जीपीयू-फर्मवेअर' किंवा 'इंटेल-जीपीयू-फर्मवेअर' हे पॅकेज पुन्हा टाका.

पासवर्ड घेतो आणि परत लॉगिनवरच आणतो

इथे ड्रायव्हरला हात लावू नका, लॉगिन स्क्रीन दिसते म्हणजे तो बहुधा चालू आहे. कन्सोलवर 'सुडो एडीडीयूजर चाचणी'सारख्या कमांडने एक नवा युजर करा (नाव रोमनमध्ये) आणि त्याने लॉगिन करून बघा. तो आत गेला तर दोष तुमच्या होम फोल्डरमध्ये आहे.

'एलएस -एलए' मारून '.एक्सऑथॉरिटी' (एक्स मोठा) ही फाइल कोणाच्या नावावर आहे ते पाहा. रूटच्या (अ‍ॅडमिन खात्याच्या) नावावर असेल तर ती काढून टाका, लॉगिनला ती नवी बनते. हे काम बहुधा अपडेटचं नसतं. काळी स्क्रीन दिसल्यावर कोणीतरी 'सुडो स्टार्टएक्स' मारलेलं असतं. ग्नोम डेस्कटॉपवर दुसरा संशयित म्हणजे जुनी एक्स्टेन्शन. नव्या आवृत्तीशी ती जुळली नाहीत की शेल कोसळतं. '.लोकल/शेअर/ग्नोम-शेल/एक्स्टेन्शन्स' या फोल्डरचं नाव 'एमव्ही'ने बदला आणि पुन्हा लॉगिन करा. जमलं तर एकेक करून परत आणा.

नवा युजरही अडकला तर लॉगिन स्क्रीनवरच्या गिअरच्या चिन्हातून दुसरं सेशन निवडून पाहा. उबुंटू २५.१० पासून ग्नोमचं एक्सऑर्ग सेशन (पडद्यावर चित्र दाखवण्याची जुनी पद्धत; नवी ती वेलँड) उरलेलं नाही, त्यामुळे 'वेलँडइनेबल=फॉल्स' करा हा जुना सल्ला तिथे पाळू नका. आधीच्या काळात तुम्हीच ती ओळ '/ईटीसी/जीडीएम३/कस्टम.कॉन्फ'मध्ये घातली असेल तर अपग्रेडनंतर ती काढून टाका.

मागे फिरणं

ओपनसूसेत बीटीआरएफएस या फाइल सिस्टमचे स्नॅपशॉट (सिस्टमच्या आधीच्या अवस्थेच्या नोंदी) ग्रबमध्येच दिसतात. अपडेटआधीचा निवडून आत या आणि 'सुडो स्नॅपर रोलबॅक' देऊन रिस्टार्ट करा. टाइमशिफ्ट हा स्नॅपशॉट घेणारा प्रोग्राम बसवलेला असेल तर कन्सोलवर 'सुडो टाइमशिफ्ट --रिस्टोर'. आर्चवर जुनी पॅकेज '/व्हार/कॅशे/पॅकमॅन/पीकेजी'मध्ये पडून असतात. 'सुडो पॅकमॅन -यू' (यू मोठा) आणि फाइलचं नाव. फेडोरात 'सुडो डीएनएफ हिस्टरी अनडू लास्ट', मात्र जुनी आवृत्ती रिपॉझिटरीत शिल्लक नसेल तर ते अडतं.

मागे आल्यावर तेच पॅकेज पुढच्या अपडेटमध्ये पुन्हा येऊ नये म्हणून 'सुडो एपीटी-मार्क होल्ड' आणि पॅकेजचं नाव द्या. कर्नलचं मेटापॅकेज (नवा कर्नल आपोआप आणणारं पॅकेज) आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर दोन्ही एकत्रच रोखा, एकच रोखलं तर जोडी पुन्हा फुटते. रोखलेल्या पॅकेजला सुरक्षेची अपडेटही मिळत नाहीत, म्हणून 'एपीटी-मार्क शोहोल्ड'ने यादी अधूनमधून बघा आणि दुरुस्त आवृत्ती आली की 'अनहोल्ड' करा.